दोर ओढायच्या आधी

भाऊ, तू पिऊन नव्हतास.

तुझ्या तेरवीच्या पंगतीत लोक भातावर वरण ओतून घेत होते आणि म्हणत होते, माणूस चांगला होता, पण त्या दिवशी मोहाची जरा जास्तच झाली असेल. वाढणारी मी होते. वरणाची बादली माझ्या हातात होती आणि ती एकेकाच्या डोक्यात घालावी असं वाटत होतं. पण वहिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती, म्हणून मी गप्प राहिले. ज्या माणसाने जन्मात मोहाची ओठाला लावली नाही, कोणी झोकांड्या खात घाटावर आला तर त्याला बोटीत पाय ठेवू दिला नाही, त्याच माणसाच्या नावावर गावाने दारू चढवली. आणि ही गोष्ट गावाला सांगितली कोणी, तर तुझ्या मुरलीने.

तुझा मुरली. लहानपणी तुम्ही दोघं एका डोंग्यात उभे राहून बांबूने तलावभर हिंडायचात. पुढे त्याच्या बापाने गोंदियाला धानाचा व्यापार टाकला, तो तिकडे गेला आणि येताना बोलण्यात अर्धी हिंदी घेऊन आला. तरी तू त्याच्यावर जीव टाकायचास. बोट घेतलीस तर त्यात त्याची भागी ठेवलीस. दर भाऊबीजेला तुला ओवाळून झालं की दुसऱ्या पाटावर तो बसायचा आणि मी त्यालाही ओवाळायची. यंदाही ओवाळलं. त्यानंतर धान कापायला आलं आणि त्याने तुला मारलं. मारलंच. लोक 'गेला' म्हणतात, 'बुडाला' म्हणतात. मला ते शब्द चालत नाहीत.

ती बोट आली तेव्हा तू किती खूश होतास, आठवतं का? एक गोरा साहेब थंडीत बदकांच्या शिकारीला नवेगावला यायचा, त्याने ती इथे ठेवली होती. साहेब लोक गेले, बोट तलावाच्या पारीवर, बांधावर, उलटी पडून राहिली आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. तू आणि मुरलीने ती घेतली. फळ्यांना डांबर फासलं, गोंदियाहून मोटार आणली. मोटार म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला लटकवायचं इंजिन, खाली पाण्यात पंखा, वर दोर गुंडाळायचं चाक आणि हातात धरायची दांडी. तू ते इंजिन रेल्वेतून उतरवून बैलगाडीत घातलंस आणि घरापर्यंत त्याच्या अंगावर हात ठेवून चालत आलास. वहिनी म्हणाली, मला आणताना तर पुढच्या गाडीत बसला होता.

पहिल्या दिवशी नारळ फोडला, अख्खं गाव पारीवर जमलं आणि तू दोर ओढलास. त्या इंजिनाला थांबून राहणं माहीतच नाही. दोर ओढला की पंखा फिरलाच, आणि पंखा फिरला की बोट सुटलीच. तू उभा होतास, कारण डोंगा आपण उभ्यानेच चालवतो. बोट पुढे गेली आणि तू मागच्या मागे बसलास. मग तुला उजवीकडे वळायचं होतं, तर तू उजवा कासरा ओढावा तशी दांडी उजवीकडे ओढलीस. बोट डावीकडे गेली. तू अजून जोरात ओढलीस, ती अजून डावीकडे गेली आणि धुण्याच्या घाटाकडे निघाली. बाया लुगडी टाकून पळाल्या. आणि तू काय केलंस? बैलांना म्हणतात तसं 'हो, हो, हो' म्हणत राहिलास. बोट पायरीवर चढली, पंखा दगडाला लागून खडखडला आणि बंद पडला. लोक पोट धरून हसले. मीही हसले. आज त्या 'हो, हो'ने मला रडू येतं.

पण तू लाजून घरी बसणारा नव्हतास. रोज सकाळी जायचास, एकेक चूक करायचास आणि जेवताना मला सांगायचास. मी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, मला गावात कोण काय सांगणार? तू सांगायचास. बोटीला लगाम नाही, थांबायचं असेल तर घाट दूर आहे तोच इंजिन बंद करायचं आणि वाऱ्याकडे तोंड करून यायचं, वाराच तिला धरतो. डोंग्यांच्या जवळून जाताना हळू जायचं, नाहीतर आपल्या लाटेने त्यांचा डोंगा पालथा होतो आणि शिव्या आपल्या आईला बसतात. शेवाळात गेलो की पंखा वर उचलून साफ करायचा, घरी आल्यावरही करायचा, न चुकता. एक दिवस तू म्हणालास, "बाई, तू शिकून घे. मी पडलो तर बोट माघारी कोण आणन?"

वहिनीने कपाळाला हात लावला. बाईमाणूस, त्यात विधवा, मोटार चालवणार. तू तिला म्हणालास, हिचे हात रिकामे आहेत, डोकं रिकामं नाही. भाऊ, या एका वाक्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे. नवरा मेल्यापासून माझ्या डोक्याचं नाव कोणी काढलं नव्हतं.

तू मला सगळ्यात आधी शिकवलंस ते पडलेल्या माणसाला कसं वाचवायचं. बोट चालत असताना तू स्वतः पाण्यात उडी मारायचास आणि ओरडायचास. सुरुवातीला मी घाबरून बोटीचं तोंड तुझ्यापासून दूर वळवायची. गाडीपुढे कोणी आलं की आपण बैल दुसरीकडे ओढतो, तसंच. तू पाण्यातून शिव्या द्यायचास. गाडी बैलांच्या मागून जाते, पण बोट शेपटीने वळते, हे तू मला किती वेळा घोकून घेतलंस. तोंड दूर नेलं की शेपूट त्याच माणसावर येते, आणि शेपटीला पंखा आहे. म्हणून तोंड पडलेल्या माणसाकडेच न्यायचं आणि त्याच दमात इंजिन बंद करायचं. मी रात्री झोपेतही दांडी ढकलायची, असं वहिनी सांगायची. आणि दोर ओढायच्या आधी मागे-पुढे पाहायचं, पाण्यात कोणी आहे का. हे तुझं शेवटचं आणि पहिलं. मी विसरले तर तू दोर हातातून काढून घ्यायचास आणि त्या दिवशी पुन्हा द्यायचा नाहीस.

मुरलीलाही तू हेच शिकवू पाहत होतास. त्याला काही पाण्यात पडणाऱ्या माणसाचं शिकायचं नव्हतं. "अरे छोड यार, मले का कोणाले बुडवाचं हाय?" म्हणून तो हसायचा. तूही हसायचास. मी त्या हसण्यावरून तुझ्याशी भांडले होते. ज्याला थांबवता येत नाही त्याच्या हातात दांडी कायले देतोस, म्हटलं. तू म्हणालास, दोस्त आहे, शिकेल.

आणि दुसरं भांडण तुंब्याचं. वाळलेला मोठा भोपळा, आत पोकळ, दोरीने कमरेला बांधला की माणूस बुडत नाही. मला शिकवताना तो माझ्या कमरेला बांधल्याशिवाय तू बोट घाटावरून सोडली नाहीस. पोरी हसायच्या, मला लाज वाटायची, पण तू ऐकायचा नाहीस. आणि स्वतः? स्वतः कधी बांधला नाहीस. मी म्हटलं तर म्हणायचास, मला पोहता येतं. म्हटलं, बेशुद्ध माणसाला पोहता येतं का? तर म्हणालास, "तू लय बोलतेस, बाई." ते भांडण तसंच राहिलं.

त्या दिवशी मी पारीवर धान वाळत घालत होते. तुम्ही दोघं तलावाच्या पलीकडच्या खोऱ्यात गेला होतात, जिथे पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट आहेत. पंखा खुंटाला लागू नये म्हणून एकाने पुढे उभं राहून बांबूने चाचपायचं, दुसऱ्याने हळू हळू चालवायचं. पुढे तू होतास, हे मला लांबून दिसत होतं. दांडी मुरलीकडे होती. मग इंजिनाचा आवाज एकदम वाढला. खुंटांच्या जागी आवाज वाढवायचा नसतो. मी मान वर केली तर बोट गर्रकन वळताना दिसली आणि पुढे कोणी उभं नव्हतं. मी आवाज थांबायची वाट पाहिली. भाऊ, तो थांबला नाही. तसाच मोठा होत होत घाटापर्यंत आला. तुला पाण्यात सोडून तो सरळ घाटावर आला आणि मग ओरडला, दौलत पडला, पिऊन होता, ऐकेचना, उभा राहिला आणि पडला.

डोंगेवाल्यांनी दुपारी तुला आणलं. मांडीला मोठी जखम होती. मुरली म्हणाला, खुंट लागला. पंचनाम्यात तो बोलला तेच लिहिलं गेलं. दौलतचा दोस्तच सांगतो तर खोटं कशाला सांगेल, असं सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा तेव्हा काही बोलू शकले नाही, कारण लांबून मला तोंड आणि शेपूट दिसलं नव्हतं.

तेरवी झाल्यावर मी घाटावर गेले. बोट तशीच बांधलेली होती, इंजिन पाण्यात. तू म्हणायचास घरी आल्यावर पंखा साफ करायचा, न चुकता, म्हणून मी तो वर उचलला. शेवाळ काढता काढता पंख्याच्या दांड्याला गच्च गुंडाळलेली एक चिंधी हाताला लागली. सोडवली तर धोतराचा काठ, आणि त्या काठाला निळ्या दोऱ्याने घातलेले टाके. पांढरा दोरा संपला म्हणून वहिनीने दिवाळीत निळ्याने शिवला होता आणि तू तिला चिडवलं होतंस. ती चिंधी मी वहिनीच्या मांडीवर ठेवली. ती बराच वेळ टाके मोजावे तसं बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाई, माह्या माणसाले त्यानं दारुड्या केलं."

मेल्याचं दुःख एका बाजूला. ती मागच्या वाटेने विहिरीवर जाऊ लागली होती, लोकांच्या नजरा नकोत म्हणून. तिच्या भावाने तर तिच्या तोंडावर म्हटलं की पिणारा होता तर आम्हाला आधी सांगायचं. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ठरवलं, मुरलीच्या तोंडून गावापुढे काढायचं. काढता नाही आलं तर मग काय करायचं, तेही मी ठरवलं होतं.

चिंधी दाखवून काय झालं असतं? तो म्हणाला असता, धोतर अडकून फाटलं असेल, पडताना. मी बाई, तो व्यापारी. तोंड त्याचंच चाललं असतं.

आणि पाहा, तो स्वतःच आला. थंडीत भंडाऱ्याचे कोणी मोठे अधिकारी बदकं मारायला येणार होते आणि त्यांना मोटारबोटीतून फिरवायचं त्याने कबूल केलं होतं. बोट आता त्याच्याकडे, पण चालवता येईना. तू जवळ बसून सांगायचास तोवरच जमायचं, एकट्याला घाट सोडवेना, असं तोच म्हणाला. आपल्या ओसरीवर, तू बसायचास त्या जागी बसून म्हणाला, "बाई, दौलतनं तुले सिखाया था ना? मले शिकव. त्याची निशानी समजून चालवीन." निशानी! वहिनी आतून भांडं आपटून बाहेर आली. मी तिला डोळ्यांनी थांबवलं आणि मुरलीला म्हटलं, शिकवते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मुरलीभाऊ म्हटलं नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

तो गेल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला सांगितलं, वयनी, मी त्याला सगळं शिकवणार आहे. एक सोडून.

आणि शिकवलं, भाऊ, तुझ्याच तोंडाने. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं, दोर चाकावर कसा गुंडाळायचा, ओढताना कोपर मागच्या माणसाच्या दातांत जाणार नाही हे कसं पाहायचं. बसून राहा, म्हटलं, हा डोंगा नाही. दांडी उलटी चालते, तुझा कासरा विसर. डोंगे दिसले की हळू. घाटावर यायचं तर वाऱ्याकडे तोंड. तो हुशार आहे, भराभर शिकत गेला आणि माझी स्तुती करत गेला. कमरेला तुंबा बांधायला मात्र तयार नव्हता. म्हटलं, बांधशील तर शिकवीन. बांधला. हसला, म्हणाला, दौलत तर कधी बांधत नव्हता. त्याच्या तोंडून तुझं नाव असं निघालं की मी त्याची गाठ आणखी घट्ट करायची.

पडलेल्या माणसाचं मी त्याला शिकवलं नाही. एकदा त्याने स्वतःच विचारलं, कोणी पाण्यात पडला तर? मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने लगेच नजर काढून घेतली आणि सिगारेट पेटवली. तेव्हा माझी खात्री झाली की तू पडल्यावर काय केलं ते त्याला ठाऊक आहे. नकळत झालं असतं तर त्याने नजर काढून घेतली नसती.

मी बाजाराचा दिवस निवडला. सकाळी घाटावर मायंदाळ माणूस असतो, पलीकडच्या गावांतून डोंगे येतात, पारीवर भाजीच्या टोपल्या, बाया, पाटीलही पान खात उभे असतात. मुरलीला म्हटलं, आज शेवटचा धडा, खुंट चुकवायचा. तू पुढे उभा राहा, दांडी मी धरते. त्याचा चेहरा उतरला. खुंट तर तिकडे खोऱ्यात आहेत, म्हणाला. म्हटलं, आधी इथे सराव कर, तिथे चुकलं तर जीव जातो. सगळे पाहत होते, त्याला नाही म्हणता येईना. त्याने बांबू घेतला आणि तू उभा राहायचास तिथे उभा राहिला. तुंब्याची गाठ मी स्वतः पाहिली. पक्की होती.

घाटापासून थोडं आत गेल्यावर मी इंजिन एकदम जोरात सोडलं आणि दांडी ढकलली. बोट उडाली, तोंड एकीकडे गेलं आणि मुरली दुसरीकडून पाण्यात. बांबू बोटीत पडला. आणि भाऊ, माझ्या हाताने मला न विचारता ते केलं जे तू झोपेत करायला लावलं होतंस. तोंड त्याच्याकडे, इंजिन बंद. शेपूट त्याच्यापासून लांब गेली. पंखा थांबला. क्षणभर मला माझ्याच हाताचा राग आला.

इंजिन बंद झालं की तलावावर आवाज किती लांब जातो, हे तूच दाखवलं होतंस. घाटावरचं कुजबुजणं मला ऐकू येत होतं, म्हणजे आमचंही त्यांना ऐकू जाणार होतं. मुरली तुंब्यावर तरंगत होता, खोकत होता, हात पुढे करत होता. मी बांबू दिला नाही.

विचारलं, "दौलत पडला तवा तोंड कुठं नेलंस?"

तो म्हणाला, बाई, बांबू दे. मी पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला, तो पिऊन होता, सांगितलं ना. मग मी चाकावरचा दोर घेतला आणि गुंडाळायला लागले. सावकाश, एकावर एक वेढा. मीच त्याला शिकवलं होतं की दोर ओढला की पंखा फिरतोच आणि बोट सुटतेच. त्याला सगळं माहीत होतं. बोटीची शेपूट आता हळूहळू वाऱ्याने त्याच्याकडे वळत होती. त्याने ते पाहिलं.

"नोको, बाई, नोको. म्याच वळवली. तो उजवीकडं पडला, म्या तोंड तिकडून काढलं, पंखा त्याच्यावर गेला."

"मोठ्यानं."

"पंखा त्याच्यावर गेला! मले भेव वाटलं, म्या थांबलोच नाही."

"अना दारू?"

"दारू नव्हती. दौलत पिऊन नव्हता. म्या खोटं बोललो."

 घाटावर एका बाईच्या टोपलीतून वांगी घरंगळत पाण्यात आली, ती कोणी उचलली नाहीत. पारीवर वहिनी उभी होती. मी तिला यायला सांगितलं नव्हतं, तरी ती आली होती. तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली.

इथपर्यंत जे झालं ते मी गावाला सांगते. पुढचं फक्त तुला.

तो बोलून चुकला होता. मला हवं होतं ते मिळालं होतं. आणि दोर तसाच गुंडाळलेला माझ्या मुठीत होता. मी तो ओढणार होते, भाऊ. खोटं कायले बोलू? हात शिवशिवत होते. शेपूट त्याच्याकडे, एक हिसका पुरे. गाव म्हणालं असतं, बाईच्या हातून चुकून झालं, बाईमाणसाला मोटार कुठे कळते. त्याने तुला दारुड्या म्हटलं तसं मी त्याला अपघात म्हटलं असतं. मी मूठ आवळली आणि दोर ओढायच्या आधी मागे-पुढे पाहिलं.

सवय. तुझी लावलेली. पाण्यात कोणी आहे का?

होता. तुंबा बांधलेला, ओठ निळे पडलेला, भाऊबीजेच्या पाटावरचा मुरली पाण्यात होता. तू मला दोर ओढू दिला नाहीस. जिवंत असताना मी विसरले की दोर हातातून काढून घ्यायचास, तसाच त्या दिवशीही काढून घेतलास. मी चाकावरचे वेढे एकेक करून उलगडले आणि बांबू त्याच्याकडे सरकवला. त्याने तो धरला. त्याला वर घेताना मी त्याच्या कानाशी म्हटलं, तू वाचलास ते दौलतच्या शिकवणीने, माझ्या दयेने नाही. मला दया आलेली नाही आणि येणारही नाही.

पाटील म्हणाले, आता हे वर कळवावं लागेल. म्हटलं, कळवा. मुरली त्याच दिवशी गोंदियाला गेला. तिथेही ही गोष्ट त्याच्या आधी पोहोचली असं ऐकते. दुकानात गिऱ्हाईक त्याच्याशी बोलताना खाली पाहतात म्हणे. पाहू देत. पुढच्या भाऊबीजेला त्याच्यासाठी पाट मांडणार नाही, आणि तो पाट मी चुलीत घातला, हेही त्याला कोणीतरी सांगितलं तर मला आवडेल. अधिकारी आले, बदकं न मारता गेले. वहिनी पुढच्या वाटेने विहिरीवर जाते. तिचा भाऊ येऊन तिच्या पाया पडून गेला. तिने त्याला उठ म्हटलं नाही, त्याचा तोच उठला.

बोट आता मी चालवते. बाजाराच्या दिवशी बायांना पलीकडे नेते-आणते. बसणाऱ्या प्रत्येकीला तुंबा बांधते, आणि जी नाही म्हणते ती घाटावर राहते. मुरलीच्या कमरेचा तोही तुंबा त्यातच आहे, धुऊन घेतला. वस्तूचा काय दोष.

मुरलीचं आणि माझं जे होतं ते झालं. पण तुझं आणि माझं राहिलंय, भाऊ. ज्या दिवशी तू पडलास त्या दिवशी तो तुंबा घरी खुंटीला होता. मी सकाळी पाहिला होता आणि हाक मारून म्हटलंही होतं, नेतोस का? तू हात हलवून निघून गेलास. पंखा लागला असता तरी तू तरंगला असतास, आणि मी पारीवरून धावत येऊन तुला काढलं असतं. गाव म्हणतं, सुमित्राने भावाचा सूड घेतला. अर्धाच घेतलाय. वर भेटशील तेव्हा पाया पडणार नाही, रडणार नाही, आधी तुझी गचांडी धरून विचारणार आहे: काऊन नाही बांधलास?